बांगडी अडकली

मशीन आली ती दसऱ्याच्या सहा दिवस आधी, भर दुपारी, जालन्याहून रिकामं बारदान घेऊन येणाऱ्या टेम्पोत बसून. कच्च्या लाकडाची पेटी, चारी बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या, आणि वरच्या फळीवर काळ्या रंगानं लिहिलेलं नाव: पुंजाजी, चिखली. पाठवणारीचं नाव कुठं नव्हतं, पण अक्षर लेकीचं होतं. 'पु'चा उकार ती शाळेत होती तेव्हापासून असाच ओढायची, वासराच्या शेपटीसारखा लांब.

पुंजाजींनी पेटीवर तळवा टेकला. लाकूड उन्हानं तापलं होतं, जिवंत जनावराच्या पाठीसारखं.

तीस वर्षं त्यांनी या मशीनची वाट पाहिली होती. उमेदीची वर्षं जालन्याच्या एका कारखान्यात गेली, मग चिखलीत घरापुढं पत्र्याची शेड टाकली. शेडमध्ये लेथ आला, वेल्डिंग आलं, ड्रिल मशीन आली. मिलिंग मशीन तेवढी आली नाही. लेथवर गोल काम होतं. पण शाफ्टवर चावी, चाक पकडून ठेवणारी लोखंडी पाचर, बसावी म्हणून लांब सरळ खाच पाडायची, नाहीतर लोखंडाचा ठोकळा सपाट करायचा, तर मिलिंगच लागते. तेवढ्या एका खाचेसाठी शाफ्ट पोत्यात गुंडाळून जालन्याची एसटी धरावी लागायची. अर्पिता, त्यांची एकुलती लेक, आता पुण्याकडे एका कारखान्यात हेच काम करत होती. तिनं फोनवर सांगितलं होतं की मशीन मोठी नाही, मेजावर मावणारी आहे, पण बाबांच्या कामाला पुरून उरेल. आणि सांगितलं होतं की मी नवमीच्या आदल्या दिवशी येते, दोघं मिळून बसवू, तोवर पेटीला हात लावू नका.

लेक येणार याचा आनंद पुंजाजींना पुरता घेता आला नाही. लेक येणार म्हणजे शेडमध्ये येणार. शेडमध्ये आली की कोपऱ्यातल्या गोणपाटाखालची जुनी ड्रिल बघणार. सोळा वर्षांची होती तेव्हा बापानं जे सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. आता ती सत्तावीस वर्षांची, मशीनच्या पोटातलं ओळखणारी. तिनं एक प्रश्न विचारला, एकच, तर अकरा वर्षं जपून ठेवलेलं खोटं तिच्या आईपुढं उघडं पडणार होतं.

*

तेव्हाही असेच दिवस होते. सोयाबीन पिवळं पडून शेतात उभं, आभाळ खाली आलेलं, आणि उद्यावर खंडेनवमी. नवमीला हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडायची, त्यांना झेंडूची फुलं वाहायची, मग दसरा पार पडेपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. पुंजाजींच्या बापाच्या भात्यापासूनचा हा नेम. त्या दिवशी दुपारी मेहकर रस्त्यावरच्या एका खेड्यातला माणूस मळणी यंत्राचा नवा शाफ्ट घेऊन आला. खाच पाडून पाहिजे होती. आज नाही झाली तर तीन दिवस मळणी बंद, आणि पाऊस तर डोक्यावर. जालन्याला जाऊन यायला वेळ नव्हता.

पुंजाजींनी ड्रिल मशीनच्या चकात, म्हणजे पातं धरणाऱ्या पोलादी जबड्यात, मिलिंगचा कटर धरला.

हे करू नये, हे त्यांना ठाऊक होतं. जालन्याच्या उस्तादानं पहिल्या महिन्यातच कान पिळून शिकवलं होतं. ड्रिलचं चक वरच्या निमुळत्या भोकात नुसतं ठोकून बसवलेलं असतं. खालून दाब आला की घट्ट होतं, बाजूनं दाब आला की सुटतं. ड्रिल फक्त सरळ खाली जायला असते, तिला आडवं चालवायचं नाही. पण पुंजाजींनी दोन-चार वेळा तसं केलं होतं आणि निभावलं होतं. शाफ्ट धरणारा व्हाइस मेजाला बोल्टांनी आवळायला हवा होता, तेवढंही ते थांबले नाहीत. त्यांनी आत हाक मारली. शालूबाई पुरणाची डाळ शिजत टाकून, पदराला हात पुसत आली. "धर जरा, हलू देऊ नको," ते म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी व्हाइस धरला, लेकराचं डोकं धरावं तसा.

अर्धी खाच नीट झाली. मग वरून चक सुटलं. फिरत्या कटरसकट खाली आलं, तिच्या उजव्या हातावर. अंगठ्याशेजारचं बोट गेलं, मधलं गेलं.

संध्याकाळी दवाखान्याच्या ओसरीत तिचा भाऊ गोविंदा वडनेर भोलजीहून मोटारसायकलवर येऊन थडकला. रागीट माणूस. त्यानं पुंजाजींच्या खांद्याला धरून त्यांना भिंतीला लावलं आणि विचारलं, काय केलं तुम्ही माह्या बहिणीले. पुंजाजींच्या तोंडून निघालं, "बांगडी अडकली तिची. कटरमधी अडकली."

कुठून आला तो शब्द, त्यांना कधी कळलं नाही. पण आला, आणि गोविंदाचा हात खांद्यावरून सैल सुटला. पुंजाजींना त्या क्षणी एवढंच जाणवलं, की आता श्वास घेता येतो.

तिसऱ्या दिवशी शालूबाईनं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताकडे बघत विचारलं, काय झालं होतं वो. तिला डाळ आठवत होती, पदराला हात पुसलेला आठवत होता, पुढचं काही नाही. तेव्हा ओसरीत गोविंदा नव्हता, कोणी नव्हतं. खरं सांगायला अख्खी खोली मोकळी होती. पुंजाजी म्हणाले, बांगडी अडकली तुही.

"हो का?" ती म्हणाली. मग पट्ट्यांवरून दुसरा हात फिरवत म्हणाली, "तुमचं काम राह्यलं ना माह्यापायी."

*

खोटं एकदा घरात आलं की त्याला ताट-पाट द्यावं लागतं. शालूबाईची आई जनकाबाई भेटायला आली तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाली, ही लहानपणापासून अशीच धांदरट, आडाचा दोर हातातून सोडायची. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काऊन जावं बाईनं माणसाच्या कामात. उकंडराव शेजारी, पुंजाजींचा दोस्त, त्यानं ती गोष्ट इतक्यांदा इतक्या ठिकाणी सांगितली की तिला कंगोरे राहिले नाहीत. अर्पितानं हातात कधी बांगडी घातली नाही. शालूबाईनं उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या कायमच्या उतरवल्या. डाव्या हातात हिरवा चुडा, उजवं मनगट मोकळं. अकरा वर्षं.

आणि भाकरी. भाकरी थापताना तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात. शालूबाईच्या भाकरीवर आता तीनच उमटायचे, मधे जागा रिकामी. पुंजाजी रोज तो रिकामा तुकडा आधी मोडून खायचे.

सगळ्यात वाईट होती ती ओवी. शालूबाईला गळा होता. भांडी घासताना, तूर निवडताना ती आपली आपण ओव्या जुळवायची, जात्यावर बसणाऱ्या आईची सवय. त्या दसऱ्यानंतर वर्षभर घर मुकं होतं. मग एके दिवशी पत्र्याच्या भिंतीपलीकडून पुंजाजींना ऐकू आलं:

येडा माहा हात बाई, याले किती समजावू
गेलेल्या बोटायले, कोन्या देशी बोलावू

ते लेथवर होते. त्यांनी लेथ बंद केला नाही. आवाज वाढवता आला असता तर वाढवला असता.

*

पेटी आली त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं की लेक यायच्या आत मशीन बसवून मोकळं व्हायचं आणि जुनी ड्रिल शेडबाहेर काढायची. सकाळी उकंडराव आला. बाजार समितीत चाळीस वर्षं पोती उचललेला माणूस. त्यानं दीडशे किलोच्या मशीनकडे बघून तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाला की हे तर नवरीसारखं उचलायचं काम आहे, ढकलायचं नाही. शेडच्या आडव्या गर्डरला त्यांनी चेनपुली टांगली, पट्टे मशीनच्या कमरेत घातले. कडी कडी करत साखळी फिरली. मशीन जमिनीवरून उठली आणि जराशी डोलली.

शालूबाई उंबऱ्याशी चहा घेऊन उभी होती. शेडचा उंबरा तिनं अकरा वर्षांत ओलांडला नव्हता. चहा, चिंध्या, जेवायची हाक, सगळं उंबऱ्यावरून.

"वहिनी, मांग सरका," उकंडराव हसत म्हणाला. "तुमच्या हाताचा भरवसा नाही. इथं बांगडी नाही, आख्खी मशीन अडकल."

ती हसली. खरोखर हसली, स्वतःवर हसायची सवय झालेल्या माणसासारखी, आणि मागं सरकली. पुंजाजींच्या हातातली साखळी एक कडी घसरली.

मशीन जाड सागवानी मेजावर बसली. बाहेरगावचा प्रवास करून आलेली, लालसर चिकट ग्रीसमध्ये माखलेली. पुंजाजींनी दोन दिवस डिझेलच्या चिंध्यांनी तिला पुसलं. सरकत्या मेजाच्या खोबणी, हातचाकं, मापाच्या कड्या. ग्रीस निघाली तसं खालचं घासलेलं पोलाद उजळलं, पाण्यात चंद्र हलावा तसं. मेजाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सारून त्यांनी पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. हातचाक एका बोटानं फिरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. ही मशीन तेव्हा असती तर. हा विचार त्यांनी अकरा वर्षं वापरला होता, उशीसारखा. आता मशीन समोर होती आणि उशी निघून गेली होती. मशीन नव्हती म्हणून बोटं गेली असतील एक वेळ. बांगडीचं तर मशीननं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी उकंडरावाला सांगितलं की ती जुनी ड्रिल भंगारवाल्याकडे टाकून येऊ. दोघांनी ती गोणपाटासकट दारापर्यंत आणली. उंबऱ्यावर शालूबाई आडवी आली.

"नवमीच्या तोंडावर हत्यार घराबाहेर काढता?" तिनं विचारलं. "आजवर असं केलं नाही. पूजा होऊ द्या, मंग काय करायचं ते करा."

पुंजाजी म्हणाले की बिघडलेली आहे, जागा अडते.

"बिघडली कुठं? तिनं आपलं काय वाईट केलं? चुकला तर माहा हात चुकला."

उकंडराव म्हणाला, वहिनीचं बरोबर आहे. ड्रिल पुन्हा कोपऱ्यात गेली.

*

अर्पिता सकाळच्या गाडीनं आली. पाठीवर पिशवी, त्यात कपडे थोडे आणि मोजमापाची हत्यारं जास्त. मशीन आधीच मेजावर बघून तिनं कमरेवर हात ठेवले. "नाही राहवलं ना बाबा?" म्हणाली, आणि पाणसळ बघून गप्प झाली, कारण बुडबुडा तसूभर हलत नव्हता. मग तिनं केस बांधले.

उरलं होतं ते मशीनचं डोकं सरळ करायचं. कटर फिरतो तो दांडा मेजाला अगदी काटकोनात हवा, केसभरही कललेला चालत नाही. तिनं दांड्याला डायल बसवला, घड्याळासारखी तबकडी आणि खाली छोटं पोलादी बोट. दांडा हातानं गोल फिरवला की ते बोट मेजावरून चक्कर मारतं आणि सुई उंच-सखल सांगते. डावीकडे सुई शून्यावर, उजवीकडे चार घरं पुढं. पुंजाजींनी बोल्ट सैल केला, तिनं डोक्यावर हलकी टिचकी मारली. तीन घरं. पुन्हा टिचकी. दोन. तासाभरात सुई चारी दिशांना शून्यावर थांबली. पुंजाजींना वाटलं, आयुष्यात इतकं सुख एका सकाळी कधी मिळालं नव्हतं. क्षणभर ते सगळं विसरले.

शालूबाई चहा घेऊन उंबऱ्यावर आली.

अर्पितानं पेटीच्या तळातून एक लांब सळई काढली. वरून दांड्याच्या पोकळीत सोडली, खाली कटर धरणाऱ्या भागात आटे बसवून आवळली. हा ड्रॉबार, ती म्हणाली. आईला दाखवावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं सांगू लागली. ही सळई कटरला वर ओढून धरते, म्हणून आडवा कितीही दाब आला तरी तो खाली येत नाही. मिलिंग मशीनची हीच तर गंमत. ड्रिलमध्ये असं काही नसतं, तिथं चक नुसतं चिकटून असतं, कटर लावून आडवं चालवलं की पडतंच. कारखान्यात नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगतात.

एवढं बोलून ती थांबली. तिची नजर कोपऱ्यातल्या गोणपाटावर गेली. मग बापाकडे आली. आवाज खाली आला.

"बाबा, त्या दिवशी ड्रिलवर खाच पाडत होते ना तुम्ही?"

पुंजाजी चिंधीला हात पुसत राहिले. हात स्वच्छ होते. त्यांना वाटलं होतं की हा क्षण आला तर आपण बोलू, आपल्याच तोंडानं बोलू. अकरा वर्षं त्यांनी ती वाक्यं मनात घासून ठेवली होती. एकही बाहेर आलं नाही.

शालूबाईनं चहा खाली ठेवला. मग तिनं उंबरा ओलांडला. उजवा पाय, डावा पाय, नव्या घरात यावं तशी ती शेडमध्ये आली. कोपऱ्यात जाऊन तिनं ड्रिलवरचं गोणपाट काढलं.

"अर्पे, काय म्हणलीस? पुन्हा सांग."

"आई, जाऊ दे ना."

"दाखव मले. कसं पडते ते."

अर्पितानं बापाकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. तिनं ड्रिलच्या मेजावर लाकडाची फळी ठेवली, चक वर ठोकून बसवलं, खालून हातानं दाबून दाखवलं. पडलं नाही. मग हातोडीच्या दांड्यानं बाजूनं ठोकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चक सुटलं आणि फळीवर आदळलं. फळीला खड्डा पडला.

"असं?" शालूबाई म्हणाली.

"असं."

तिनं ते चक उजव्या हातानं उचललं. तीन बोटांत ते नीट बसत नव्हतं, म्हणून डावा हात खाली लावला. भाजी जोखावी तसं जोखलं.

"बरंच जड आहे की." मग पुंजाजींकडे न बघता विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"तवाच?"

"पडलं तवाच पाह्यलं म्या. बांगडी नव्हती अडकली."

शेडमध्ये नव्या तेलाचा वास होता. शालूबाईनं चक फळीवर परत ठेवलं. रडली नाही. आवाज चढवला नाही. बोलली तेव्हा असं बोलली जसं कोणी दुसऱ्याच बाईबद्दल सांगतंय.

"अकरा वर्ष मी माह्या हातालेच बोलत राह्यली."

*

नवमीला पूजा झाली. हातोड्या, पाने, पट्ट्या, लेथ, जुनी ड्रिल, आणि मधोमध नवी मशीन. पुंजाजींना वाटलं होतं शालूबाई येणार नाही. ती आली. हळद-कुंकवाची कुयरी घेऊन प्रत्येक हत्याराला तिनं टिळा लावला, मशीनचं काय चुकलं म्हणाली. ड्रिलपुढं जरा थांबली, तिलाही लावला. मग लेकीच्या कपाळाला लावला. कुयरी झाकली आणि आत निघून गेली. पुंजाजींचं कपाळ दसऱ्यालाही कोरडंच राहिलं.

आत जाताना शालूबाई एवढंच म्हणाली होती की आता सगळ्यायले सांगा. ज्याले ज्याले सांगितलं त्याले.

पुंजाजींनी सांगितलं. दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन लोक घरोघरी येतात, पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडतो. ते प्रत्येकाच्या हातात पान देऊन सांगू लागले की शालूची चूक नव्हती, चक पडलं होतं, मी खोटं बोललो. लोक पान कपाळाला लावायचे आणि अवघडायचे. कोणी म्हणालं, सणाच्या दिवशी कशाला. कोणी म्हणालं, झालं ते झालं. सत्यभामाबाई समोरच्या, ती म्हणाली की पण बांगडी होतीच ना हातात, अडकली असती तरी. उकंडराव सगळं ऐकून तंबाखू मळत बसला आणि शेवटी म्हणाला की दोस्ता, आता माह्या तोंडाले वळण पडलं रे, मी सांगायले गेलो तरी बांगडीच येईल. तो वाईट बोलला नव्हता. खरं बोलला होता. अकरा वर्षांत ती गोष्ट गावाची झाली होती, आणि गावानं ती परत द्यायला नकार दिला, तोही इतक्या मायेनं, की भांडताही येईना.

शेवटी त्यांनी वडनेर भोलजीला गोविंदाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे कुणाच्या तरी अंगणातलं कुत्रं भुंकत होतं. पुंजाजी वाट बघत होते की तो ओरडेल. त्यांना त्याचा हात पुन्हा खांद्यावर हवा होता, भिंत पाठीला लागायला हवी होती.

"दाजी," गोविंदा म्हणाला, "माय गेली ना दोन वर्ष झाली. तिले कोण सांगल?"

पुंजाजींनी फोन ठेवला. जनकाबाई शेवटच्या आजारात लेकीचा तो हात हातात घेऊन बसायची आणि म्हणायची, माह्या धांदरट बाई. ते ऐकत ते खाटेच्या पायाशी उभे असायचे, पाण्याचा तांब्या धरून. तेव्हाही खोली मोकळीच होती.

*

परतायच्या आदल्या दिवशी अर्पिता आईला घेऊन बाजारात कासाराकडे गेली. कासारीण उजवा हात हातात घेऊन थबकली, कुठून दाबावा तिला कळेना. शालूबाईनंच अंगठा आत दुमडला आणि सांगितलं, चढव, दुखत नाही. हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या त्या तीन बोटांवरून, गेलेल्या दोन बोटांच्या गाठींवरून मनगटात गेल्या. हे अर्पितानं एसटीत बसताना बापाला सांगितलं. पाया पडली, पण नेहमीसारखं हसून वर बघितलं नाही.

मशीन आता रोज चालते. पहिली खाच पुंजाजींनी एका मळणीच्या शाफ्टवर पाडली, सरळ, चकचकीत, कडांना बोट लावलं तर कापेल अशी. ती दाखवायला त्यांनी सवयीनं घराकडे मान वळवली आणि पुन्हा मशीनकडे फिरवली. शालूबाई घरात असते. जेवायला वाढते, भाकरी थापते, विचारलं तर बोलते. शेडच्या उंबऱ्यावर चहा ठेवते आणि उभी न राहता परत जाते.

परवा दुपारी त्यांना पत्र्यापलीकडून तिचा आवाज आला. भांडी घासत होती. त्यांनी मशीन बंद केली, या वेळी केली. तिनं जुन्याच चालीत सुरुवात केली, येडा माहा हात बाई. आणि तिथंच थांबली. पुढची ओळ आली नाही. जरा वेळानं तिनं पुन्हा धरली, येडा माहा, आणि पुन्हा सोडली. हात येडा नव्हता. त्या ओवीवर तिनं अकरा वर्षं दुःख काढलं होतं, आणि आता ती ओवीही तिच्या कामाची राहिली नव्हती.

पुंजाजी कान देऊन उभे राहिले. दुसरी ओवी जुळेल म्हणून थांबले. पलीकडे राख लावलेला हात भांड्यावर गोल गोल फिरत होता, आणि त्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या.